गडग्याच्या अलीकडचं नांदरूक

मिरजोळ्याच्या अंगाला, कातळावर आमचं घर आहे. भोवती ऐसपैस आवार, आवारात हापूसची कलमं, आणि कलमांच्या मधे एक अवाढव्य नांदरूक. नवीन आलेला माणूस आधी ते झाड बघतो आणि मग विचारतो, "हे कोणी लावलं?" त्याच्या आवाजात अर्धं कौतुक असतं, अर्धी तक्रार. मी सांगते, मी लावलं. कोणाला न विचारता लावलं. आणि ज्यांनी ज्यांनी काढून टाक म्हटलं, त्यांना त्यांना नाही म्हणून सांगितलं.

माझं माहेर गुहागरचं. नारळी-पोफळीच्या आगरात मी वाढले. तिथे भर दुपारी अंगणात ऊन शोधावं लागायचं. सांडगे-पापड वाळत घालायचे तर आई ते उचलून पार समुद्राच्या पुळणीकडे न्यायची. लग्न होऊन इथे आले तेव्हा पहिल्या उन्हाळ्यात मला कळलं की सावली ही काही सगळीकडे आपोआप मिळणारी गोष्ट नाही. कातळ असा तापायचा की अनवाणी पाऊल टेकवत नसे. कलमांची सावली होती, पण ती बुटकी. वाकून आत शिरायचं, आणि शिरलं की कोणीतरी ओरडायचं, मोहोराला धक्का लावू नको म्हणून. आमच्या आवारातलं एकूण एक झाड कामाला जुंपलेलं होतं. नुसतं उभं राहायला कोणालाच परवानगी नव्हती.

आमचे हे शाळेत शिक्षक. मी सरकारी दवाखान्यात नर्स. शेजारी, गडग्याच्या पलीकडे, मोठे दीर. मी त्यांना दादा म्हणायची. दोघा भावांच्या वाटण्या झाल्या होत्या, मधे चिऱ्यांच्या बुटक्या भिंतीचा गडगा घातला होता, पण आमच्याही कलमांचा कारभार दादाच बघायचे. खत कधी घालायचं, फवारणी कधी, आंबा कोणाला द्यायचा, सगळं त्यांनी ठरवायचं आणि ह्यांनी मान हलवायची. मला त्याचं काही वाटत नसे. दादांना आंब्यातलं कळत होतं आणि ह्यांना नव्हतं, हे खरंच होतं.

मग एका वर्षी गडग्याच्या अलीकडचं एक जुनं कलम खोडकिड्याने गेलं. ते तोडलं, बुंधा उपटून काढला आणि तिथे मोठा खड्डा मोकळा झाला. दादा म्हणाले, "पावसाआधी नवीन कलम आणतो." ह्यांनी मान हलवली. मी मात्र त्या मोकळ्या खड्ड्याकडे बघत राहिले. तेवढ्यात दवाखान्याच्या पावळीत, पागोळ्या पडतात तिथे उगवलेली रोपटी काढायला माणसं आली होती. पावसाआधी दरवर्षी येत. भिंतीच्या फटीत वड, पिंपळ, नांदरूक, काय वाटेल ते रुजायचं, आणि ती खरवडून टाकायची. त्यातलं एक नांदरूक, करंगळीएवढ्या जाडीचं, मुळं शाबूत असलेलं, मी मागून घेतलं. सलाइनची रिकामी बाटली वरून कापली, ओली माती भरली, त्यात ते खोचलं आणि घरी घेऊन आले. सुट्टीच्या दिवशी सकाळी ते त्या खड्ड्यात लावलं.

दादा गडग्यावरून बघत होते.

"ते काय लावलंस?"

"नांदरूक."

"घराच्या आवारात?" त्यांना खरंच धक्का बसला होता. "ही देवळाकडची झाडं. घराजवळ नाही लावत कोणी. मुळं घराच्या पायात शिरतात."

"घर लांब आहे, दादा."

"तो खड्डा बाबांनी सुरुंग लावून काढलाय. कातळ फोडलाय कातळ. हापूससाठी."

"त्यातला हापूस गेला. आता हे जगेल."

"आंबे देणार आहे का ते तुला?"

"नाही देणार," मी म्हटलं. "म्हणूनच लावलंय."

तेव्हा मी नव्याने बोलायला लागलेल्या मुलासारखी होते. तोंडातून शब्द निघाला की माझं मलाच नवल वाटायचं. हात धुऊन घरात गेले. हे म्हणाले, "अगो, दादाला दुखावलंस." मी म्हटलं, "झाड लावलंय, कोणाच्या पायावर दगड नाही टाकला."

कातळावर झाड वाढवणं म्हणजे काय ते ज्याने केलं त्यालाच माहीत. पावसात पाणी तुंबतं, दिवाळीनंतर माती विटेसारखी होते. पहिले काही उन्हाळे मी भांडी विसळलेलं, तांदूळ धुतलेलं, जे मिळेल ते पाणी बादलीने नेऊन घातलं. मोकाट गुरं येत, म्हणून करवंदीच्या काट्यांचं कुंपण केलं. एकदा एका गाईने कुंपणावरून मान घालून शेंडा खाल्ला. दादा हसले. शेंडा खाल्ला म्हणून झाडाने चार फांद्या बाहेर काढल्या, आणि मग ते जे सुटलं ते सुटलंच. मुळांना कातळात कुठेतरी भेग सापडली असणार. माझी मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा ते तिच्याएवढं होतं. ती कॉलेजात गेली तेव्हा घराच्या कौलांच्या वर गेलेलं होतं. बारा महिने हिरवं. पानं गळायची, पण एवढी नवी फुटायची की झाड कधी उघडं म्हणून दिसलं नाही. पहिल्यांदा फळं लागली त्या वर्षी हरोळ्यांचा, म्हणजे हिरव्या कबुतरांचा, थवा उतरला. पुढे धनेश यायला लागले. आमच्याकडे त्यांना गरुड म्हणतात. त्यांच्या पंखांचा आवाज इतका मोठा की स्वयंपाकघरात ऐकू यायचा. मी हातातलं काम टाकून बाहेर यायची.

उन्हाळ्यात दुपारी ड्यूटीवरून आले की मी त्याच्याखाली खुर्ची टाकायची. गुहागरची आठवण यायची, आणि मग तीही यायची बंद झाली. मला इथलीच सावली पुरायला लागली.

दादांच्या तक्रारी झाडाबरोबर वाढत गेल्या. पक्षी आंब्याला चोची मारतात. शेजारचं कलम अंधारात गेलं. वाळक्या पानांचा पातेरा पलीकडे येतो. त्या बहुतेक तक्रारी खऱ्या होत्या, हे मी आज लपवत नाही. पातेरा मी झाडून आणायची. अंधारात गेलेलं कलम आमचंच होतं, त्याचा आंबा कमी आला तर आम्हाला कमी आला. एवढं मी स्पष्ट बोलून दाखवलं. पण मग त्यांच्या बावीचे, म्हणजे विहिरीचे, दोन चिरे सुटले. बाव गडग्याला लागूनच, पलीकडच्या अंगाला. दादा आमच्या ओटीवर येऊन बसले आणि ह्यांच्याकडे बघून, माझ्याकडे न बघता, म्हणाले, "झाडाचं मूळ माझ्या बावीत आलंय. आता ते काढायचं."

"मूळ दाखवा," मी म्हटलं.

"मी तुझ्याशी बोलत नाहीये."

"झाड माझं आहे. बोलायचं तर माझ्याशीच बोलावं लागेल."

ते उठून गेले. हे त्यांच्या मागोमाग गडग्यापर्यंत गेले.

त्यानंतर थोड्याच महिन्यांनी मी मुलीच्या बाळंतपणाला मुंबईला गेले. नातू झाला. त्याला न्हाऊ-माखू घालण्यात दिवस कसे गेले कळलं नाही. परत आले ती सकाळची वेळ होती. पिशव्या ओटीवर ठेवल्या आणि सवयीने आधी झाडाकडे गेले.

बुंध्याभोवती, माझ्या छातीच्या उंचीवर, चांगला वीतभर रुंदीचा पट्टा सोललेला होता. साल पूर्ण उतरवलेली, चारी बाजूंनी, मधे कुठे बोटभरसुद्धा जागा न सोडता. आतलं लाकूड उघडं पडून करडं झालं होतं. खाली सालीचे तुकडे वाळून वळले होते. वर पानं मात्र हिरवीगार. झाडाला अजून कळलंच नव्हतं.

मी माणसांच्या जखमा बघत नोकरी केली. पण तिथे उभी राहिले तेव्हा मला काही सुचेना. मी त्या उघड्या लाकडावर हात ठेवला आणि तसाच ठेवून राहिले.

हे ओटीवर चहा घेत होते.

"कधी झालं हे?"

त्यांनी कप खाली ठेवला. "तू गेलीस त्याच आठवड्यात."

"आणि तुम्ही कुठे होतात?"

"घरात. आवाज येत होता कोयत्याचा." मग म्हणाले, "मला दादाला नाही म्हणता येत नाही. लहानपणापासून कधी आलंच नाही."

मी इतकी वर्षं ह्यांच्याबरोबर संसार केला होता, आणि हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा उच्चारलं. मला त्यांची दया आली. पण त्या क्षणी दया करायला मी मोकळी नव्हते. "मला येतं," मी म्हटलं, आणि तशीच, प्रवासाच्या साडीवर, गडग्यातली कवाडी उघडून पलीकडे गेले.

दादा बाकावर बसून सुपारी कातरत होते. मोठ्या जाऊबाई दारात तांदूळ निवडत होत्या.

"दादा, झाड तुम्ही सोललंत?"

"हो. मीच." अडकित्ता थांबलासुद्धा नाही. "माणूस नाही लावला. स्वतःच्या हाताने केलं."

"मला विचारायचं होतंत."

त्यांनी मान वर केली. "लावताना तू विचारलं होतंस?"

हा प्रश्न मला बसला. मग म्हटलं, "नव्हतं विचारलं. कारण जमीन गडग्याच्या अलीकडची आहे. तुम्ही गडगा ओलांडून आलात. मी भांडायला कधी ओलांडला नव्हता, आज पहिल्यांदा ओलांडलाय."

"आता बोलून काय उपयोग? झाड सालीवर जगतं. पुढच्या वर्षी पान राहायचं नाही त्याच्यावर."

"बघू या," मी म्हटलं.

बघू या म्हटलं खरं, पण घरी येईपर्यंत काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. आंघोळ केली, जेवायला बसले. आणि ताटावर बसल्या-बसल्या मला माझे वडील आठवले. आगरात ते डाळिंबाच्या, लिंबाच्या, पेरूच्या फांद्यांना गुटी बांधायचे. गुटी म्हणजे काय, तर चांगल्या फांदीची साल आपणच मुद्दाम कड्यासारखी काढायची, त्यावर ओलं शेवाळ नाहीतर काथ्या लावून गच्च बांधायचं आणि ओलं ठेवायचं. पानांनी तयार केलेलं अन्न सालीतून खाली जायला निघतं, सालच नाही म्हणून वरच्या काठाशी अडतं, आणि तिथून मुळं फुटतात. दादांनी अख्ख्या झाडाची गुटी बांधायची तयारी करून ठेवली होती. फक्त बांधायचं राहिलं होतं.

मी ताट तसंच झाकून ठेवलं आणि उठले.

पुढचं काम मी ड्रेसिंगसारखं केलं, कारण मला तेच येतं. धारदार सुरीने जखमेचा वरचा काठ कापून ताजा केला. चीक पांढराशुभ्र ओघळला. तो बघून मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसले. शेणखत, तांबडी माती आणि काथ्याचा भुसा कालवून गोळा केला आणि पट्ट्यावर चारी बाजूंनी थापला. त्यावर गोणपाट. गोणपाट बांधायला मजबूत कापड हवं होतं. मी घरात शोधत होते तेवढ्यात गडग्यावरून हाक आली. मोठ्या जाऊबाई उभ्या होत्या, हातात जुन्या साड्यांचं गाठोडं.

"हे घे गो. नऊवारी आहेत. लांब पुरतील."

"वहिनी, दादांना कळलं तर?"

"कळू दे. मीच सांगणार आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या सांगण्याने ते थांबले नाहीत. मग त्यांच्या सांगण्याने मी का थांबू?"

त्या बाईच्या तोंडून मी आजवर स्वयंपाकाखेरीज दुसरा विषय ऐकलेला नव्हता.

बघायला माणसं येऊ लागली. झाडाला साडी नेसवली म्हणून चेष्टा झाली. दवाखान्यातल्या मैत्रिणी विचारायच्या, "पेशंट कसा आहे?" ती सगळी चेष्टा मी चालू दिली. मडक्याला बारीक भोक पाडून, त्यात चिंधीची वात घालून ते बांधणीच्या वर टांगलं, म्हणजे थेंब-थेंब पाणी मुरत राहील. अशी बरीच मडकी टांगली. उन्हाळ्यात आमच्याकडे पाण्याचे हाल, त्यात मी झाडाला रोज पाणी वर चढवत होते, खाली मुळाशी नव्हे. लोकांना ते वेड वाटायचं. फाल्गुनात एका अंगाची पानं पिवळी पडून भराभर गळाली. मोठी फांदी वठली. दादा गडग्याशी येऊन बघून गेले. ते काही बोलले असते तर बरं झालं असतं. मला भांडण हवं होतं. ते न मिळाल्याने मी पाण्याच्या बादल्यांवर राग काढला.

वळिवाच्या सरी येऊन गेल्यावर एका सकाळी मी गोणपाटाच्या खाली बोटं घालून चाचपत होते. काठाशी साल फुगून गाठीगाठी झालेली लागली. त्यांतल्या एका गाठीला टोक होतं. मऊ, थंड, तांदळाच्या दाण्यासारखं. मी बोट काढून घेतलं, तुटेल म्हणून.

पावसाळ्यात ती मुळं गोणपाट फोडून बाहेर आली. गुलाबी टोकांची, एकेक करून, लोंबती. आता ती जमिनीला पोचायला हवी होती आणि मधे कोरडा वारा लागला तर सुकणार होती. बांबू उभे चिरून, त्यांत माती भरून, मुळं त्यांतून खाली न्यायची असं मी ठरवलं. पण बांबू चिरणं मला जमेना. दोन फुकट घालवले. तिसऱ्या दिवशी सकाळी हे कोयता आणि बांबू घेऊन आले आणि चिरायला बसले. दादांच्या ओटीवरून सगळं दिसत होतं, आणि ह्यांनी बसायला जागा निवडली ती बरोबर त्यांच्या समोरची. मी बांबूचं दुसरं टोक धरलं. दुपारपर्यंत सगळे बांबू चिरून झाले. जेवताना ह्यांनी दोनदा भात मागून घेतला.

बावीचं प्रकरण राहिलं होतं. पुढच्या वैशाखात पाणी तळाला गेलं तेव्हा मी स्वतः पलीकडे निरोप धाडला, बाव उपसा, खर्च आमचा, मूळ आहे की नाही ते सगळ्यांसमोर बघू. गडी खाली उतरला आणि चिऱ्यांच्या फटीतून बोटाएवढं जाड मूळ तोडून वर घेऊन आला. मोडल्या जागी पांढरा चीक होता. नांदरुकाचंच.

"बघितलंस?" दादा म्हणाले.

"बघितलं. तुमचं बरोबर होतं," मी म्हटलं. "मूळ मी तोडते. झाड तोडणार नाही."

गडग्याच्या आमच्या बाजूने मी खोल चर मारून घेतला. कातळ पहारीने फोडावा लागला. त्या बाजूला गेलेली मुळं मी उभी राहून तोडून घेतली, काही स्वतः तोडली, आणि चरात काँक्रीट भरलं. बावीचे चिरे बसवून दिले. दरवर्षी पावसाआधी मी तो चर बघते. पाहुणे म्हणतात, एवढ्या झाडापायी केवढा व्याप. असू दे व्याप. लोक कुत्री पाळतात, गाड्या पाळतात.

आज दादांनी सोललेला तो जुना बुंधा राहिलेला नाही. खालचा भाग वाळला, वाळवीने खाल्ला, पोकळ होऊन हळूहळू ढासळला. त्याच्याभोवती उतरलेली मुळं मांडीएवढी, मग खांबाएवढी जाड झाली, एकमेकांना चिकटली, आणि झाड आता त्यांच्यावर उभं आहे. वर पाहिलं तर आभाळ दिसत नाही. आमची तीन-चार कलमं त्याने गिळली. मी गिळू दिली.

दादा शेवटपर्यंत बदलले नाहीत. आमच्यात बोलणं सुरू झालं, सणावारी ताटं गेली-आली, त्यांच्या आजारपणात त्यांना इंजेक्शनं मीच दिली. पण त्यांनी कधी चूक झाली म्हटलं नाही, आणि मी त्याची वाट बघितली नाही. एकदा सुई टोचताना ते म्हणाले, "अजून सांगतो, ते झाड घराजवळ नको." मी म्हटलं, "हात सैल सोडा." झाडाखाली ते एकदाही बसले नाहीत. ह्या बाबतीत मला त्यांचा आदर वाटतो.

ते गेले ते भर उन्हाळ्यात. तेराव्याला मुंबईहून त्यांची मुलं आली, गावातली माणसं आली. पत्र्याचा मांडव घातला होता तो पुरेना आणि त्याखाली माणसं उकडून निघत होती. मोठ्या जाऊबाईंनी मला बोलावून सांगितलं, "पानं तुझ्या झाडाखाली मांड."

"दादांना आवडलं नसतं, वहिनी."

"नसतंच आवडलं," त्या म्हणाल्या. "पण जेवणारी माणसं जिवंत आहेत."

मी कवाडी सताड उघडली. सतरंज्या घातल्या, पंगती बसल्या, वाढपी मोकळेपणाने फिरू लागले. वर हरोळ्या होत्या, मधूनच एखादं फळ पानात पडायचं आणि लहान मुलं हसायची. जेवणं उरकल्यावर दादांचा थोरला मुलगा कमरेवर हात ठेवून वर बघत उभा राहिला. बापाची तीच उभं राहायची लकब.

"काकू," तो म्हणाला, "फारच पसरलंय हो हे. आता जरा छाटायला हवं."

मी ताकाचा पेला त्याच्या हातात दिला.

"हात लावून तर बघ," मी म्हटलं, आणि दुसरी पंगत बसवायला गेले.